डाइंग मास्तरचं पत्र, लेकरांच्या लिव्हरबद्दल

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, सोलापूर जिल्हा परिषद,
मा. आरोग्य अधिकारी, सोलापूर महानगरपालिका,
आणि घरोघरी फिरणाऱ्या सगळ्या आशाताई,

नमस्कार.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या सुताचं डाइंग करतो, सतरा वर्षं झाली, लोक मास्तर म्हणतात ते शाळेतले नाही, डाइंगमधले. शुद्धलेखनाच्या चुका असतील त्या सोडून द्या, पण रंगाबद्दल जे लिहितोय त्यात सहसा चूक व्हायची नाही, कारण आमचं पोटच त्याच्यावर आहे. पार्टीनं (म्हणजे गिऱ्हाइकानं) दिलेल्या शेड कार्डाशी लॉट जुळला नाही तर पार्टी माल उचलत नाही. आणि शेड बघायची ती ट्यूबलाइटखाली नाही, हँक (सुताची लड) घेऊन दारात यायचं, उजेडात धरायचं, मग काय ते बोलायचं.

असल्या माणसाच्या घरात एका लेकराच्या शीचा रंग दोन महिने चुकीचा होता, आणि तो मी बघितला पण होता. म्हणून हे पत्र.

धाकट्या भावाची मुलगी, घरात चिऊ म्हणतात. भावजयीचं माहेर लांब, त्यामुळं बाळंतपण आमच्याकडंच झालं. वजन पावणेतीन किलो, रडणं खणखणीत, दूध पीत होती. तिसऱ्या दिवशी पिवळी पडली, ती बऱ्याच बाळांना होते, उतरली असं वाटलं. मग वीसेक दिवसांनी डोळे परत पिवळे दिसायला लागले. दवाखान्यात नेलं (नाव घेत नाही, नाव घेऊन आता काय मिळणार), तिथं म्हणाले आईच्या दुधामुळं होते कधी कधी, सकाळी कोवळ्या उन्हात धरा. आम्ही धरली, गच्चीवर, रोज साडेसात वाजता, टोपडं काढून. मग ज्यानं त्यानं उपाय सांगितले, कुणी म्हणालं अमक्या गावात चुन्याच्या निवळीत हात धुवून देतात, पाणी पिवळं झालं की कावीळ गेली, कुणी काविळीची माळच आणून दिली, ती लांब होत गेली की कावीळ उतरली म्हणतात. आईनं ती बाळाच्या गळ्यात घातली. मी अडवलं नाही, म्हटलं माळेनं काय वाईट होणार. वाईट माळेनं झालंच नाही, माळ लांब होते का बघत बसण्यात जे दिवस गेले त्यानं झालं.

चिऊला न्हाऊ घालायला गल्लीतल्या अम्मा यायच्या. विड्या वळतात आणि सकाळी दोन-तीन घरच्या बाळ-बाळंतिणी करतात. एक दिवस पोरीनं त्यांच्या पायावरच शी केली, तर तांब्या हातातच ठेवून त्यांनी मला हाक मारली, "मास्तर, हे बघा की ओ, तांदळाचा पीठ कालवल्यावानी है. पिवळा पायजे लेकराचा." मी बघितलं. आमच्या भाषेत सांगायचं तर पिवळा त्यात नव्हताच, ऑफ-व्हाइट, फार तर फिका क्रीम, भिंतीला लांबी भरतात ना तसा. डोक्यात आलं होतं की हा शेड बरोबर नाही. पण डॉक्टरांनी तर बघितलंय, अम्माला काय कळतंय, आणि शीच्या बाबतीत मला तरी काय कळतंय, म्हणून गप्प बसलो. पुढं तर डायपर चालू केले, गुंडाळून कचऱ्यात टाकला की रंगाचा विषयच संपला. त्याच्या आधी लंगोटाला लघवीचे हळदीसारखे डाग पडायचे ते आम्ही सोलापूरच्या उन्हावर ढकलले, पाणी कमी पडत असेल म्हणून. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते, लंगोटाला डाग पडायलाच नको, हे आम्हाला कळलं ते पुण्यात.

पुण्याला नेलं ८१ व्या दिवशी, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, डायरेक्ट बिलिरुबिन किती? (बिलिरुबिन म्हणजे काविळीत रक्तात वाढतो तो पिवळा रंग, त्यातला डायरेक्ट वाढला तर पित्त अडल्याचा संशय.) आमच्याकडं एक रिपोर्ट होता पण त्यात नुसतं टोटल. दुसरा प्रश्न, शीचा रंग कसा? मी मोबाइलमधला फोटो दाखवला तर म्हणाल्या फोटोवर सांगता येत नाही, मोबाइल रंग बदलतो. हे मला त्यांनी सांगावं! पार्टीनं व्हॉट्सॲपवर शेड पाठवली की मीच ओरडत असतो.

रोगाचं नाव बिलियरी अट्रेसिया. लिव्हरमध्ये पित्त तयार होतं, ते नळ्यांतून आतड्यात येतं, शीला जो पिवळा रंग येतो तो त्या पित्तामुळं. ह्या लेकरांच्या नळ्या जन्माच्या आसपास सुजून बुजत जातात. डाइंगवाल्याला हे लगेच कळतं, पाइप चोक झाला, रंग टाकीतच तुंबला आणि सूत पांढरं बाहेर आलं. फक्त इथं टाकी म्हणजे लेकराचं लिव्हर, तुंबलेलं पित्त ते आतून जाळत राहतं, लिव्हर कडक होत जातं, आणि काहीच केलं नाही तर बहुतेक लेकरं दोन वर्षांच्या पुढं जात नाहीत. पंधरा-वीस हजार बाळांत एखाद्याला होतो, म्हणजे दुर्मीळ खराच, पण आपल्या जिल्ह्यात वर्षाला बाळंतपणं किती होतात ते तुमच्या रजिस्टरला आहे, भागाकार तुम्हीच करा.

ऑपरेशनचं नाव कासाई. आता आमच्या आईला सांगायचं कसं? भावानं सांगितलं तर तिनं "कसाई?" म्हणून पदर तोंडाला लावला आणि पोरीला उचलून वॉर्डाच्या दाराकडंच निघाली. मग मी तिला खाली बसवून सांगितलं, अगं ते जपानमधल्या डॉक्टरचं आडनाव आहे. त्या घाईतही नर्सबाईंना हसू आवरेना.

हे मोरिओ कासाई जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठातले सर्जन. त्यांच्या आधी ह्या रोगाच्या बऱ्याच लेकरांना 'ऑपरेशन होत नाही' असं सांगून घरी पाठवायचे, कारण जोडायला नळीच शिल्लक नसायची. १९५५ मध्ये ७२ दिवसांच्या एका बाळाचं पोट उघडलं तर नळी नाहीच, आणि लिव्हरच्या खालच्या बाजूनं रक्त यायला लागलं, ते थांबवायला त्यांनी आतडंच तिथं नेऊन लावलं असं सांगतात. काही दिवसांनी बाळाला रंगाची शी झाली. नळ्या नाहीत म्हणून ज्या सुकलेल्या जागेवर सगळ्यांनी हात टेकले होते तिथं सुईच्या टोकाहून बारीक वाटा शिल्लक होत्या, त्यातून पित्त झिरपत होतं. १९५९ मध्ये त्यांनी हे जपानी भाषेत छापलं, बाकीच्या जगाला पटायला पुढं बरीच वर्षं गेली. आज पण हेच ऑपरेशन करतात, वाळलेल्या नळ्या काढायच्या आणि आतड्याचा पदर सरळ लिव्हरच्या पोटाला शिवायचा.

पण त्या बारीक वाटा दिवसागणिक बुजत असतात. म्हणून ६० दिवसांच्या आत व्हायला पाहिजे असं सगळे सांगतात, जितकं लवकर तितकं चांगलं. चिऊचं झालं ८४ व्या दिवशी. पित्त आलं, थोडं आलं, एक दिवस शी पिवळी झाली तेव्हा आम्ही चौघं जण त्या लंगोटाभोवती उभं राहून रडलो, बाहेरच्या माणसाला वाटलं असतं हे काय खूळ. टिकलं नाही. १४ व्या महिन्यात ट्रान्सप्लांट झालं, भावजयीनं आपल्या लिव्हरचा तुकडा दिला. पैसे कसे उभे केले ते सोडा. चिऊ आता पाच वर्षांची आहे, मोठ्या गटात जाते, सकाळ-संध्याकाळ गोळी घड्याळ लावून, जन्मभर. १९६३ मध्ये डेन्व्हरला डॉ. स्टार्झल यांनी माणसातलं पहिलं लिव्हर ट्रान्सप्लांट केलं ते ह्याच रोगाच्या लेकरावर, ते वाचलं नव्हतं. भारतात लेकराचं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट १९९८ ला दिल्लीत झालं, ते पण ह्याच रोगाचं होतं. आमची पोर त्या सगळ्यांच्या जिवावर जगली, नाही म्हणत नाही. पण ८४ च्या जागी ५० असतं तर कदाचित आईच्या पोटाला हात लावायची वेळ आली नसती, ह्या 'कदाचित'वर मला अजून रात्री जाग येते.

आता मागणी. तैवाननं २००४ पासून देशभर एक काम केलं, बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगाचं कार्ड घातलं. इकडं बरे रंग, तिकडं वाईट रंग, आईनं जुळवून बघायचं, वाईटाशी जुळला तर फोन करायचा. बस. कार्डाच्या आधी आणि नंतर त्यांनी हिशोब केला तर पाच वर्षांनी स्वतःच्याच लिव्हरवर, बिनकाविळीची जगणारी लेकरं २७ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर गेली. औषध नवीन नाही, मशीन नवीन नाही. जपाननं पण २०१२ पासून आई-बाळाच्या वहीत ते घातलं.

आपल्याकडचं माता बाल संरक्षण कार्ड मी पुढून मागून चारदा उलटून बघितलं, आमच्या घरातल्या प्रतीत रंग कुठंच नाहीत. लस आहे, वजनाचा तक्ता आहे, धोक्याची लक्षणं आहेत. तिथं एक पट्टी चिकटवा एवढंच म्हणतोय. नवीन माणूस नेमायला नको, कारण आशाताई आधीच घरी जातात, बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ह्यातल्या शेवटच्या चार भेटी बघा, जणू ह्याच रोगासाठी ठरवल्यात. चौदाव्या दिवसानंतरही पूर्ण दिवसांचं बाळ पिवळं असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन बघायचं, हा साधा नियम आहे, आणि बेचाळिसाव्या दिवशी कळलं तरी साठच्या आत पुणं-मुंबई गाठता येतं. ताईंनी फक्त विचारायचं, शी दाखवा, आणि पट्टी धरायची. दारात, उजेडात. ताईंच्या डोक्यावर आधीच किती कामं आहेत ते दिसतंय, त्यांचं मानधन वेळेवर द्या हे पण ह्याच पत्रात लिहून टाकतो.

एक धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण ही चूक होणार हे मला आत्ताच दिसतंय. पट्टी छापायचं ठरलं की कुणीतरी म्हणेल नेटवरून घ्या आणि झेरॉक्स काढून वाटा. अजिबात करू नका. झेरॉक्स काय, स्वस्तातल्या ऑफसेटवर पण पिवळा हलतो, पहिल्या हजार प्रतींत एक आणि शेवटच्या हजारात दुसरा. फिका क्रीम जरा पिवळसर छापला गेला तर आजारी लेकराची आई पट्टी बघून निर्धास्त झोपेल, त्यापेक्षा पट्टी नसलेली बरी. बालरोगतज्ज्ञांनी मान्य केलेला मूळ नमुना घ्यायचा, प्रत्येक गठ्ठ्यातली प्रत मूळ नमुन्याशी जुळवायची, जुळली नाही तर रिजेक्ट. प्रेसवाल्याला राग येतो, येऊ द्या.

आता दुसरी गोष्ट, ती माझ्या घरची, आणि ती सांगायला मला चिऊच्या गोष्टीपेक्षा जास्त लाज वाटते.

मागच्या वर्षी चिऊच्या फॉलोअपला पुण्याला गेलो तेव्हा माझा मुलगा बरोबर होता, सुट्टी होती म्हणून. बारा वर्षांचा, ८४ किलो. मॅडमनी चिऊला तपासलं, रिपोर्ट बघितले, आणि मग पोराकडं बघून म्हणाल्या, "जरा मान वाकव बाळा." मान मागून काळी. आम्हाला वाटायचं मळ, बायको रोज अंघोळीला बेसन लावून घासायची, पोरगं ओरडायचं. मॅडम म्हणाल्या तो मळ नाही, शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही त्याची ती खूण आहे, घासू नका. सोनोग्राफी केली, ग्रेड टू फॅटी लिव्हर. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा होतेय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, ११८, वाढलेलं. एकाच घरातली दोन लेकरं, दोघांची लिव्हरं, आणि घरात दारूचा थेंब नाही. गल्लीत सांगितलं तर पहिला प्रश्न तोच, "लिव्हर? पोरगं पितं का काय?"

पोरगं काय पितं ते सांगतो, क्लासच्या खाली मिळणारं कोल्ड्रिंक. एप्रिल-मे मध्ये इथं त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री, दुपारी बाहेर कुत्रं पण फिरत नाही, तर लेकरं मोबाइल घेऊन कूलरसमोर. संध्याकाळी पार्क चौकात पावभाजी. घरात भाकरी-शेंगाचटणी आहे पण ती आता आम्हा म्हाताऱ्यांची झाली. शाळेच्या प्रगतिपुस्तकात वजनाचा रकाना असतो, तिथं ८४ लिहिलं होतं, सुंदर अक्षरात. पुढं काही नाही. ५० असतं तरी तेवढ्याच सुंदर अक्षरात लिहिलं असतं.

मग नातेवाइकांनी जाहिराती पाठवल्या, पोट लहान करायचं ऑपरेशन, हप्त्यानं पण होतं म्हणे. मी घाबरून वाचायला बसलो. अमेरिकेत थॉमस इंग नावाचे लहान मुलांचे सर्जन आहेत, त्यांच्या पुढाकारानं टीन-लॅब्स नावाचा अभ्यास झाला. पाच हॉस्पिटलं, १९ वर्षांपर्यंतची २४२ मुलं, २००७ ते २०१२ मध्ये वजनाची ऑपरेशनं झाली. काहींचं जठराचा मोठा भाग काढून टाकायचं, काहींचा जठराचा बायपास. ऑपरेशन करणारे सगळीकडंच असतात, ह्या लोकांनी मुलांना वर्षानुवर्षं परत बोलावून हिशोब ठेवला, आणि कडू आकडे पण छापले. तीन वर्षांनी वजन सरासरी २७ टक्के कमी, ज्यांना टाइप टू शुगर होती त्यातल्या ९५ टक्क्यांची गेली. पण त्याच कागदावर, ५७ टक्के मुलांच्या अंगात लोह कमी पडलं आणि १३ टक्क्यांना पोटाचं आणखी एखादं ऑपरेशन लागलं. दहा वर्षांचा हिशोब २०२४ मध्ये आला, बीएमआय (उंचीच्या हिशोबानं वजन) अजून २० टक्के कमी होता, शुगर गेलेल्यांचं प्रमाण मात्र ५५ टक्क्यांवर आलं. आणि ऑपरेशनच्या वेळी ज्यांच्या लिव्हरचे तुकडे तपासले त्यात निम्म्याहून जास्त मुलांच्या लिव्हरवर चरबी होती, काहींत सूज पण. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं तेराच्या पुढच्या, फारच वजन असलेल्या मुलांना ह्या ऑपरेशनसाठी निदान तपासून घ्या असं सांगितलं.

माझं मत विचाराल तर ऑपरेशन पाप नाही, आणि हप्त्यावर घ्यायचा फ्रिज पण नाही. जठर एकदा कापलं की परत येत नाही, व्हिटॅमिनं जन्मभर. आमच्या मॅडमनी सांगितलं आत्ता विषयच नको, आधी वर्षभर नीट प्रयत्न करू. पोरगं सकाळी भावाबरोबर सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं चालायला जातं, कोल्ड्रिंक बंद आहे (बहुतेक), वर्षात पाच किलो उतरलं आणि उंची चार सेंटिमीटर वाढली. एसजीपीटी ६२. परीक्षेच्या महिन्यात परत दोन किलो चढलं, लपवत नाही. वर्गात त्याला 'टँकर' म्हणतात, आपल्या गावात पाण्याचा टँकर दिसला की लोक धावत जातात, असं मी त्याला चेष्टेनं म्हटलं तर तो हसला नाही.

तर दुसरी मागणी. फॅटी लिव्हर सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात २०२१ मध्ये आलं, पण ती तपासणी तिशीच्या पुढच्यांची. लेकरांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातून, पालघरहून सुरू झालेला. त्याची पथकं शाळेत येतात तेव्हा कमी वजनाचं लेकरू शोधतात, ते शोधायलाच पाहिजे, पण जास्तीचं पण शोधा. मशीन नको. मुलाच्या उंचीइतका दोरा घ्या, बरोबर मधोमध दुमडा, कमरेभोवती फिरवा. टोकं जुळली नाहीत तर त्या लेकराची मान बघा आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी द्या. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत पाहिजे, सहा वर्षांपुढच्या कुणालाही हे माप चालतं. सोलापुरात आणखी काही कमी असेल, सूत कमी नाही. आणि हे चारचौघांत करू नका, पडद्याआड करा, माझ्या पोराला विचारा का ते.

चिठ्ठी घेऊन जायचं कुठं, हा प्रश्न राहतोच. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आठवड्यातून एक दुपार अशा लेकरांसाठी ठेवता आली, बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि सोनोग्राफी एका जागी, तर मोहोळ-अक्कलकोटच्या माणसाला एका फेरीत काम होईल. सिव्हिल तुमच्या अखत्यारीत येत नाही हे माहिताय, पण डीनसाहेबांशी तुमचं बोलणं होतं, आमचं होत नाही.

पट्टीचं काम मात्र तुमच्या हातातलं आहे, आणि त्यात मी फुकट येतो. सतरा वर्षं पिवळ्याच्या मागं लागलेला माणूस आहे, प्रत्येक गठ्ठा जुळवून देईन, प्रेसमध्ये रात्री उभं राहायची पण सवय आहे. अम्मांना पण घेऊन येणार आहे, त्यांनी किती बाळं न्हाऊ घातली त्याचा हिशोब त्यांच्याकडंच नाही, पट्टीवरचे रंग बरोबर आहेत का हे त्यांना दाखवल्याशिवाय छापू नये असं मला वाटतं. सोमवारी आमच्या भागात लाइट बंद असते, डाइंग बंद, तेव्हा येत्या सोमवारी अकरा वाजता अर्जाची प्रत घेऊन आधी जिल्हा परिषदेत आणि तिथून महापालिकेत येतो. पाच मिनिटं द्या, आणि जमलं तर खिडकीजवळची खुर्ची.

आपला,
एक डाइंग मास्तर,
सोलापूर